गन शोमध्ये ‘फॅक्टरी माल’ म्हणून रीलोड गळ्यात मारले, ४५-७० वाल्यांनी वाचाच

रीलोड म्हणजे वापरलेल्या पुंगळ्या (काडतुसाची पितळी कवचं) पुन्हा भरून केलेली काडतुसं, आणि तीच मला गन शोमध्ये, म्हणजे बंदुका-काडतुसांच्या बाजारात, नवी म्हणून विकली. आधी आकडा सांगतो. ३८० डॉलर रोख आणि वर गनस्मिथचे (बंदूक दुरुस्त करणाऱ्याचे) ८५, म्हणजे ४६५ डॉलर पाण्यात. पैशांचा राग आहेच, पण त्या माणसाने जे विकलं ते माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर फुटू शकलं असतं, त्याचा संताप जास्त आहे.

मी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात राहतो. इथे हरणाच्या शिकारीला रायफल वापरायची तर स्ट्रेट-वॉल (बाजू सरळ असलेल्या, वर मान न आवळलेल्या) काडतुसाचीच लागते, २०१४ पासून तशी परवानगी आहे. (भारतात १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे हे मलाही माहितीय, इथे लायसन्स, परमिट, ठरलेला सीझन सगळं असतं, तो वाद इथे नको.) माझी ४५-७० या काडतुसाची लिव्हर अ‍ॅक्शन रायफल आहे, खालचा दांडा मागे-पुढे करून काडतूस भरायची. काडतूस १८७३ चं, मूळ लष्करी, ४०५ ग्रेनची (ग्रेन म्हणजे वजनाचं माप) गोळी असायची. पण व्हाइटटेलला (इथल्या हरणाला) एवढं वजन लागतच नाही, ३०० ते ३२५ ग्रेनची, आत जाऊन फुलणारी गोळी पुरते. कडक शिशाची जड गोळी न फुलता आरपार जाते, नेम जरा चुकला की जखमी जनावर झाडीत जाऊन तडफडतं, आणि ते मला अजिबात चालत नाही. त्यात माझ्या रायफलचं मॅगझिन नळीचं, एका गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला (बुडातल्या, ठोक्याने पेटणाऱ्या टोपीला) टेकतं, म्हणजे टोकदार कडक गोळी बादच. म्हणून मी हॉर्नाडी कंपनीची ३२५ ग्रेनची, मऊ लाल टोकाची वापरतो.

गन शोमध्ये एका टेबलावर तीच दिसली, ३८ डॉलरला २० चा बॉक्स, दुकानात पन्नाशीच्या पुढे. म्हातारा, गोड बोलणारा, म्हणे भावाची रायफल विकली, गोळ्या उरल्यात. एक बॉक्स उघडून दाखवला, अस्सल होता. मी दहा घेतले. आणि इथेच, अगदी इथेच माझ्या हातात पुरावा होता! दोन बॉक्सच्या फ्लॅपवर वेगवेगळे लॉट नंबर (कारखान्यातल्या खेपेचे नंबर), कडा घासलेल्या, त्यावर कोरी करकरीत टेप. मी विचारलंसुद्धा. तो म्हणाला वेगवेगळ्या वेळी घेतलेत. आता मला सांगा, समोरचा सहज, न अडखळता उत्तर देतोय, मागे लोक उभे आहेत, सीझन तोंडावर, दुकानात माल नाही, अशा वेळी कोण टेप फाडून बघत बसतं? पण ती टेप अजून डोळ्यांपुढून जात नाही.

पहिला बॉक्स छान चालला, त्यावरच स्कोप सेट केला. दुसऱ्यातलं काडतूस लिव्हर मारताना मध्येच अडकलं. पुढचं कसंबसं गेलं, धक्का भलताच बसला आणि पुंगळी चेंबरमध्ये चिकटली, ती काढायचे ते ८५. घरी कॅलिपर (बारीक मापं घ्यायचं साधन) लावला. या लोडची फॅक्टरी पुंगळी मुद्दाम आखूड असते, २.०४० इंच, कारण लाल टोकामुळे गोळी लांब होते आणि काडतूस अ‍ॅक्शनमध्ये बसलं पाहिजे. ही २.१०५ ची, साधी ४५-७० ची! बुडावर वेगवेगळ्या कंपन्यांचे शिक्के. म्हणजे कुणीतरी वापरलेल्या पुंगळ्या भरल्या, रिकामे बॉक्स गोळा केले आणि टेप मारली. आत पावडर कुठली, किती, देवालाच ठाऊक. या काडतुसाची स्टँडर्ड प्रेशर मर्यादा २८,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे, कुणी हाच माल जुन्या, जास्त दाब न सोसणाऱ्या ट्रॅपडोअर रायफलमध्ये घातला तर काय होईल विचार करा.

मग सुरू झाली वणवण. शोवाले म्हणाले आम्ही फक्त टेबलं भाड्याने देतो, नाव देता येणार नाही. पोलिसांकडे गेलो तर तिथला माणूस कॅलिपरचं माप ऐकूनच घेईना, म्हणे सिव्हिल मॅटर, स्मॉल क्लेम्सला (छोट्या रकमेच्या दाव्यांच्या कोर्टात) जा. स्मॉल क्लेम्समध्ये ६,००० डॉलरपर्यंत दावा लावता येतो, पण लावायचा कुणावर? प्रतिवादीचा पत्ता हवा! ग्राहक तक्रारीच्या ऑफिसनेही फॉर्म परत पाठवला, विक्रेत्याचं नाव भरा म्हणून. विकण्यासाठी काडतुसं बनवायला फेडरल लायसन्स लागतं, हे मी फोनवर ओरडून सांगितलं, तर उत्तर आलं की तो ती धंदा म्हणून बनवतो हे तुम्ही दाखवा. मी दाखवू? चौकशी करणं तुमचं काम ना? साधी गोळी विकायला लायसन्स लागत नाही, विक्रीची नोंद ठेवायची सक्ती १९८६ लाच गेली, त्यामुळे कागदावर तो म्हातारा अस्तित्वातच नाही. प्रत्येक जण दुसऱ्याचा नंबर देतो आणि फोन ठेवतो.

रोख देऊ नका. पावती नाही तर माल नाही. एक नाही, सगळे बॉक्स टेबलावरच उघडायला लावा, नाही म्हणाला तर चालू पडा. सगळ्यांचे लॉट नंबर बघा. टेबलाचा आणि मागे लावलेल्या गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो काढा, हे मी केलं असतं तर दावा तरी लावता आला असता.

आणि तुमच्याकडे असे टेप लावलेले स्वस्तातले बॉक्स आधीच आले असतील तर आज रात्रीच कॅलिपर लावा. २.१०५ आलं आणि वर लाल टोक असेल तर रायफलमध्ये घालू नका, कुणाला विकू पण नका. माझ्याकडचे नऊ बॉक्स मी मोडायला देणार आहे, फक्त दोन काडतुसं आणि टेप लावलेले फ्लॅप ठेवलेत, कधी कुणी तक्रार घेतलीच तर.