चेन ताई चीची वर्कशॉप्स: दीड वर्षानंतर काय हाती राहिलं

ताई ची, म्हणजे सावकाश हालचालींची चिनी युद्धकला, शिकवायला चीनहून येणाऱ्या मास्टरची वीकेंड वर्कशॉप्स करावीत का, हे मला बरेच जण विचारतात, म्हणून एकदाचं लिहून टाकते. आधी उत्तर: तुमच्या गावात दर आठवड्याला शिकवणारं कुणी असेल तर जरूर करा. नसेल तर पैसे वाचवा. मी जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहते. गेलं दीडेक वर्ष एरवी इथल्या एका जर्मन बाईंकडे आणि मास्टर येतात तेव्हा त्यांच्याकडे अशी चेन शैलीची ताई ची शिकते आहे. मास्टरांचं आणि आयोजकांचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत.

बागेत वयस्कर मंडळी सावकाश हात फिरवताना दिसतात ती ताई ची बहुधा यांग घराण्यातली असते, नाहीतर १९५६ साली चीनच्या क्रीडा आयोगाने त्यातूनच बेतलेला २४ हालचालींचा सोपा फॉर्म, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायची मालिका, असतो. चेन हे त्याच्याही मागचं घराणं, हेनान प्रांतातल्या चेनजियागोऊ गावचं. यांग घराण्याचे मूळपुरुष यांग लुचान एकोणिसाव्या शतकात याच गावात चेन चांगशिंग यांच्याकडे शिकले. विसाव्या शतकाच्या अखेरीस चेन शियाओवांग, चेन झेंगलेई, वांग शियान आणि झू तिएनत्साय हे या गावचे चौघे परदेशी जाऊन शिकवू लागले. उस्ताद अधूनमधून येणार, दोन दिवस शिकवून पुढच्या शहरात जाणार, ही रीत तेव्हापासून युरोपात चांगलीच रुजली. आमचे मास्टर त्यांच्या पुढच्या पिढीतले. रेशमी झब्बा वगैरे काही नाही, साधा ट्रॅकसूट.

सकाळ नुसतं उभं राहण्यात जाते. पाय खांद्याइतके फाकलेले, गुडघे जरासे वाकलेले, हात छातीपुढे गोल. याला झान झुआंग म्हणतात. मास्टर एकेकाजवळ येतात. माझ्याजवळ आले तेव्हा एक तळवा कमरेच्या खळगीवर ठेवला, दुसरा पोटावर, आणि कंबर दोन बोटं मागे नेली. खांदे खाली आणले, हनुवटी किंचित आत घेतली. मग जांघेच्या सांध्यात अंगठ्याने हलकंसं टोचून म्हणाले, ‘सोंग’, म्हणजे सैल सोड. बघणाऱ्याला काही बदललेलं कळलंही नसतं. पण इतका वेळ कमरेने उचलून धरलेलं सगळं ओझं एकदम मांड्यांवर आलं आणि अर्ध्या मिनिटात मांड्या लटपटायला लागल्या. मास्टर हसून पुढच्या माणसाकडे गेले.

वर्कशॉपचे पैसे वसूल होतात ते एवढ्याच गोष्टीसाठी. व्हिडिओ कितीही बघा, आपली कंबर कुठे अडकली आहे हे व्हिडिओला दिसत नाही. गोम अशी की मास्टर दोन पावलं पुढे गेले की शरीर गुपचूप जुन्या जागी येतं, आणि दोन आठवड्यांत तर ती जागा कोणती होती हेही आठवत नाही. आमच्या बाई वर्कशॉपमध्ये स्वतःच्या शिष्यांवर नजर ठेवून असतात. कुणाचं काय दुरुस्त केलं ते वहीत टिपतात आणि पुढचे महिने तेच घोटून घेतात. वर्कशॉपला दूरदूरहून एकटे येणारे काही लोक दर वेळी भेटतात. त्यांच्या त्याच खांद्याला मास्टर दर वेळी तसाच हात लावतात.

दुपारी चानसीगोंग. एक हात समोर गोल फिरवायचा, पण हाताने नाही, पोटापासून. कोशातून रेशीम ओढताना ओढ एकसारखी लागते, हिसका बसला की धागा तुटतो, सोडला की गुंततो, तसं हे फिरणं. कंटाळवाणं आहे, आणि कौशल्य सगळं इथेच आहे. त्यानंतर मुख्य फॉर्म, लाओजिया यिलू: सत्तरहून जास्त हालचाली, त्यातली ‘वज्रधारी उखळात कांडतो’ पुन्हा पुन्हा येते. पाय आपटून मूठ दुसऱ्या तळव्यावर टेकवायची. यात मध्येच झटक्याचे फटकेही आहेत, तेव्हा शांत ध्यानाच्या अपेक्षेने येणाऱ्यांचा पहिल्याच दिवशी भ्रमनिरास होतो. ‘ऊर्जा’ वगैरे ऐकायला आलेल्यांचाही. मास्टरांच्या तोंडी बहुतेक वेळा जांघ, कंबर आणि टाच.

आता गुडघे. चेन शैलीत खाली बसणं जास्त आणि पावलावर वळणंही जास्त. वळायचं असतं जांघेच्या सांध्यातून, आणि गुडघा पावलाच्या दिशेतच राहायला हवा. वजन पायावर तसंच ठेवून वळलात तर सगळा पीळ गुडघ्यात जातो. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या २०४ रुग्णांच्या चाचणीत गुडघ्याच्या संधिवातावर बारा आठवड्यांची ताई ची फिजिओथेरपीइतकीच उपयोगी ठरली, हे खरं. पण ती सौम्य यांग शैली होती. तो आकडा दाखवून आईवडिलांना थेट चेनच्या वर्कशॉपला नेऊ नका.

तक्रारी. एक, गर्दी. गेल्या शरदात आयोजकांनी हॉल असा भरला की हात पसरला तर शेजारच्याला लागेल, आणि मास्टर माझ्याजवळ आले ते जेमतेम मिनिटभर. नोंदणीआधी किती जण घेणार हे विचारा, आणि उत्तर गुळमुळीत आलं तर नाद सोडा. दोन, भाषांतर. मास्टर मँडरिनमध्ये बोलतात, एक शिष्य जर्मन करतो. विनोदांचं जर्मन होतच नाही आणि वेळ मात्र दुप्पट जातो. तीन, प्रमाणपत्रं. पातळ्या, परीक्षा, त्यांची वेगळी फी. मी त्या वाटेला गेले नाही आणि अडलंही नाही.

खर्च दोन दिवसांचा दोनशे युरोच्या आसपास, प्रवास नि राहणं वेगळं. इथल्या आरोग्य विमा संस्था ताई चीच्या मान्यताप्राप्त साप्ताहिक कोर्सचे काही पैसे परत देतात. अशा वर्कशॉपचे मला मिळाले नाहीत. बूट पातळ, सपाट तळाचे घ्या. जाड उशीच्या रनिंग शूजमध्ये टाच कुठे टेकली हेच कळत नाही.

फरक काय पडला? दिवसभर स्क्रीनसमोर बसून मान आखडायची ते बरंच कमी झालं. ओट्याशी उभं राहिल्यावर कंबर धरायची, ती आता धरत नाही. हिवाळ्यात बर्फावर चालताना पूर्वीसारखी जीव मुठीत धरून चालत नाही. वजन तसूभरही कमी झालं नाही. तुईशौ, म्हणजे जोडीने ढकलायचा सराव, यात मी अजून कच्ची आहे. माझ्या दुप्पट वजनाचे एक जर्मन काका मला सहज मागे सारतात, आणि मास्टर त्यांना दोन बोटांनी. मास्टर हे कसं करतात ते काकांनाही सांगता येत नाही.

पुढच्या वर्कशॉपला नोंदणी केली आहे, पण फक्त शनिवारची. रविवारी तलवारीचा फॉर्म आहे, आणि मला अजून नीट उभंच राहता येत नाही.