जांभ्याच्या भिंतीला चुना की इमल्शन?

गुहागर असो की वेंगुर्ला, गणपतीच्या तोंडावर घराला रंग काढायचा आणि तोच वाद घालायचा. (खरं तर रंग मे महिन्यातच काढावा, भाद्रपदात भिंत ओली असते.)

इमल्शनमध्ये (पाण्यात मिसळून लावायचा, प्लास्टिकसारखा थर धरणारा तयार रंग) छटा हव्या तेवढ्या. पॅन्टोन या रंगछटांच्या कंपनीने २०२५ सालचा रंग म्हणून निवडलेल्या 'मोका मूस'सारखा तपकिरीही दुकानात मशीनवर कालवून मिळतो. भिंत फडक्याने पुसता येते. फ्लॅटला उत्तम.

पण जांभा पाणी पितो. आषाढात आठवडाभर झड लागली की ओल आत मुरते, मग बाहेर पडायला वाट शोधते. इमल्शनचा थर ती वाट अडवतो. माझ्या माजघरात दुसऱ्याच पावसाळ्यात कपाटामागे फुगा आला. नखाने टोचला तर पापुद्रा हातात आणि मागे मिठासारखी पांढरी भुकटी.

चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो, ओल बाहेर जाऊ देतो, आणि क्षारधर्मी असल्याने त्यावर बुरशी सहजी धरत नाही. खोट म्हणजे रंग मोजकेच: नीळ, गेरू, पिवडी. शिवाय पाठ टेकली की सदरा पांढरा, आणि वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा हात मारणं आलंच.

म्हणून ऋतूचे रंग मी भिंतीकडे मागतच नाही. पांढऱ्या चुन्यापुढे पावसात हळदी पडदे, उन्हाळ्यात पोपटी अभ्रे. बदलायला दहा मिनिटं. इमल्शन फक्त माडीवरच्या सिमेंटच्या खोलीला. एक मात्र लक्षात ठेवा, इमल्शनवर चुना धरत नाही. आधी सगळं खरवडावं लागतं. मी खरवडलं, चार दिवस.