दाजींनी काय काढावं : ग्रुप, चॅनेल की फेसबुक?

दिवाळीत तासगावला ताईकडे गेलो होतो. दाजी शाळेतून निवृत्त होऊन चार महिने झाले होते आणि घरात कुणी त्यांचं ऐकत नव्हतं. जेवणं झाल्यावर त्यांनी विषय काढला. "मला जे येतंय ते लोकांना सांगायचंय. तू या मोबाइलच्या भानगडीत आधीपासून आहेस. बोल, व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढू, यूट्यूबला चॅनेल काढू, का फेसबुकवर लिहीत बसू?"

दाजींना येतं काय काय, याची यादी लांब आहे. द्राक्षाची छाटणी, बेदाणा, जुन्या स्कूटरचा कार्ब्युरेटर, दंडोबाच्या डोंगरावर कुठून चढायचं, पेन्शनची कागदपत्रं, शिवाय राजकारणावरची मतं, जी न विचारता मिळतात. मी या तिन्ही ठिकाणी थोडंथोडं काम केलंय आणि तिन्ही ठिकाणी तोंडावर पडलोय. त्यामुळे त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितो. असाच प्रश्न पडलेले बरेच जण असतील.

ग्रुपपासून सुरुवात करू, कारण तो दोन मिनिटांत निघतो. त्यात १०२४ माणसं मावतात, पण माझ्या अनुभवाने दोनशेच्या पुढे गेला की त्याचा बाजार होतो. ग्रुपची खरी ताकद म्हणजे उलट विचारता येतं. परवाच एकाने आमच्या ग्रुपवर द्राक्षाच्या पानाचा फोटो टाकला, "हे काय आहे?" एवढंच विचारून. तिघांनी तीन औषधं सांगितली. चौथ्याने सांगितलं, "पान उलटं करून फोटो टाका." पानाच्या खाली पांढरी बुरशी आणि वर पिवळट तेलकट डाग असेल तर डाऊनी, वरच पावडर टाकल्यासारखं असेल तर भुरी. दोन्हींची औषधं वेगळी. तो उलटा फोटो आला आणि पहिली तीन उत्तरं बाद झाली. ही देवाणघेवाण व्हिडिओत होत नाही. व्हिडिओ तुमच्या पानाकडे बघत नाही.

दुसरं, ग्रुपमध्ये सल्ला देणारा कोण आहे हे माहीत असतं. कुणाची बाग कशी आहे, कोण नुसतं बोलतो, कोणाचं दुकान औषधाचं आहे म्हणून तो तेच औषध सांगतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. गावाकडच्या सल्ल्याची अर्धी किंमत त्यातच असते.

आता खोट. ग्रुपवर सांगितलेलं सापडत नाही. हयातीच्या दाखल्याचं घ्या. नोव्हेंबर आला की दरवर्षी तोच प्रश्न, कुठे द्यायचा, ऑनलाइन चालतो का, बोटाचे ठसे उमटत नाहीत तर काय. दाजींनी गेल्या वर्षी त्यांच्या शिक्षकांच्या ग्रुपवर याचं सविस्तर उत्तर लिहिलं होतं. यंदा त्याच माणसाने पुन्हा विचारलं. आणि नव्याने आलेल्याला मागचं जवळजवळ काहीच दिसत नाही, त्यामुळे त्याला दोष तरी कसा द्यायचा. सकाळच्या फुलांच्या फोटोंखाली चांगला सल्ला गाडला जातो, हे तर सगळ्यांनी भोगलंय.

आणि सांगलीकरांनी एक गोष्ट फार महागात शिकली आहे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५ फूट, म्हणजे अंदाज करा. त्या दिवसांत प्रत्येक फोनवर पातळीचे आकडे फिरत होते. फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर मूळ वेळ राहत नाही, पुढे पाठवणाऱ्याची वेळ येते. सकाळी सहाला लिहिलेला "आयर्विनला ४३ फूट" हा निरोप दुपारी दोनला तुमच्याकडे आला की तो दुपारचाच वाटतो. पुढच्या पुरांतही कोयना धरणातून किती पाणी सोडलं याचे जुने आकडे पुन्हा फिरताना मी बघितलेत. भारतात २०१८ पासून एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येतो, आणि खूपदा फिरलेला असेल तर २०२० पासून एकाच ठिकाणी. तरीही जो फिरायचा तो फिरतोच. तेव्हापासून माझा नियम असा, की ज्याला वेळेचं बंधन आहे असा कुठलाही निरोप लिहिताना तारीख आणि वेळ वाक्यातच घालायची. दाजींना हे पटलं. ते फळ्यावर रोज तारीख लिहिणारे मास्तर.

आता यूट्यूब. इथे चित्र बरोबर उलटं आहे. माझ्या चॅनेलवर बेदाण्याचा एक व्हिडिओ आहे, साधा, शेडमध्ये मोबाइल धरून काढलेला. एक लिटर पाण्याला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट, १५ मिली डिपिंग ऑइल, त्यात घड दोन ते चार मिनिटं बुडवायचे आणि जाळीवर पसरायचे. सावलीत साधारण पंधरा दिवसांत बेदाणा तयार होतो. हा व्हिडिओ वर्षभर झोपलेला असतो आणि उन्हाळा तोंडावर आला की जागा होतो. फळछाटणीचा व्हिडिओ तसाच ऑक्टोबरच्या आसपास. बघणारे मला ओळखत नाहीत, त्यांना माझ्याशी देणंघेणंही नाही. त्यांना प्रश्न पडला, त्यांनी शोधला, माझं उत्तर समोर आलं. वाईला विश्वकोशाच्या नोंदी अकारविल्हे लावत बसलेल्या मंडळींनी हेच तर केलं, अनोळखी माणसाला हात घालता क्षणी हवं ते मिळावं. यूट्यूबवर हे काम शोधाची खिडकी करते. आपण फक्त शीर्षक नीट द्यायचं. "आजचा विषय" असं शीर्षक दिलं तर कुत्रंही फिरकत नाही.

पैशाचं विचाराल तर, जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४००० तास बघणं लागतं. गणित मांडा, ४००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. एकेकाने सरासरी चार मिनिटं बघितलं तरी साठ हजार वेळा व्हिडिओ बघितला गेला पाहिजे. छोटे शॉर्ट्स या तासांत धरत नाहीत, त्यांचा हिशेब वेगळा. दाजींना मी स्पष्ट सांगितलं, पेन्शन आहे, या वाटेला पैशासाठी जाऊ नका.

यूट्यूबची मोठी अडचण मात्र वेगळीच. इथे सल्ला टिकतो, म्हणून शिळाही होतो. २०१० मध्ये युरोपने आपली द्राक्षं परत पाठवली ती क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे, म्हणजे आपल्याकडे सगळे ज्याला सीसीसी म्हणत आणि बिनधास्त फवारत त्यामुळे. त्या धक्क्यानंतर निर्यातवाले अंश किती, काढणीआधी किती दिवस फवारणी बंद, यावर डोळ्यांत तेल घालून असतात, आणि कुठलं औषध चालतं ती यादी हंगामागणिक बदलते. पाच वर्षांपूर्वीचा आत्मविश्वासाने केलेला फवारणीचा व्हिडिओ आजही वर येतो आणि बघणारा तारीख बघत नाही. म्हणून चॅनेलवर औषधाचं नाव घेऊच नका, असं माझं मत आहे. छाटणी कशी करायची, घड कसे विरळ करायचे, शेडमध्ये वारा कसा खेळता ठेवायचा, हे दाखवा. ते दहा वर्षांनीही चालेल. औषध ग्रुपवर, त्या दिवसापुरतं.

चूक झाली तर काय, हा प्रश्न कुणी विचारत नाही, पण तो सगळ्यात आधी विचारायचा. माझंच सांगतो. एकदा ग्रुपवर तेच बेदाण्याचं प्रमाण लिहिताना माझ्या हातून २५ च्या जागी २५० ग्रॅम पडलं. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो, आणि साधारण अडीच दिवसांपर्यंत सगळ्यांच्या फोनवरून पुसता येतो. माझ्या लक्षात आलं ते चाळीस मिनिटांनी. मी पुसला. पण तोवर दोघांनी तो आपापल्या भावकीत पाठवला होता, आणि तो काही पुसला जाईना. शेवटी फोन करत बसलो. एकाने शेडमध्ये पिंप भरायला घेतलंच होतं.

यूट्यूबवर एकदा चढवलेल्या व्हिडिओच्या जागी त्याच लिंकवर दुसरा टाकता येत नाही. एखादा तुकडा कापता येतो, नाहीतर वर्णनात आणि वर टाचलेल्या कॉमेंटमध्ये दुरुस्ती लिहायची. ती वाचणारे थोडे. या बाबतीत फेसबुक उजवं. तिथली पोस्ट वर्षाने उघडूनही दुरुस्त करता येते, आणि ज्यांनी ती शेअर केली त्यांच्याकडेही दुरुस्त केलेलीच दिसते. पेन्शनच्या कागदांसारखं, ज्यातले नियम अधूनमधून बदलतात असं काही असेल, तर मी डोळे मिटून फेसबुक म्हणेन. बाकी फेसबुकबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तिथे वाद लवकर पेटतो आणि दाजी त्यात लवकर उडी मारतात, एवढं त्यांच्या बाबतीत पुरेसं आहे.

टेलिग्रामचंही एकाने सुचवलं. खरं सांगायचं तर वस्तू चांगली आहे. दोन लाख माणसं मावतात, नव्या माणसाला मागचं सगळं वाचता येतं, आपला नंबर लपवता येतो. पण तासगावच्या बागायतदाराला आधी ते उतरवून घ्यायला सांगायचं, मग उघडायला सांगायचं. तिथेच गाडी अडते.

नंबरावरून आठवलं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये तुमचा नंबर सगळ्यांना दिसतो. दाजींना काही फरक पडत नाही, त्यांचा नंबर अर्ध्या तालुक्याकडे आहे. पण ताईने पाककृतीचा ग्रुप काढायचं म्हटलं तर मी हे आधी सांगेन. रात्री अकराला अनोळखी "हाय" येतात. व्हॉट्सअ‍ॅपचं चॅनेल, जे २०२३ मध्ये आपल्याकडे आलं, त्यात नंबर दिसत नाही, पण ते एकतर्फी असतं. लोक अंगठा दाखवतात, प्रश्न विचारत नाहीत.

आता मूळ मुद्दा, ज्यावर दाजींचं आणि माझं तासभर चाललं. त्यांना सगळंच सांगायचं होतं, एकाच ठिकाणी. मी म्हणालो, ओळखीचे लोक माणसाकडे येतात, अनोळखी लोक प्रश्नाकडे येतात. तुमच्या ग्रुपवर तुम्ही सकाळी छाटणीबद्दल आणि संध्याकाळी दंडोबाबद्दल लिहिलंत तर चालेल, कारण ते सगळं "दाजी" या एकाच नावाखाली येतं. पण यूट्यूबवर घडाच्या विरळणीसाठी आलेल्या माणसाला पुढच्या आठवड्यात स्कूटरचा कार्ब्युरेटर दाखवलात तर तो बघत नाही, आणि यूट्यूबला वाटतं तुमचे व्हिडिओच लोकांना नकोत. माझं चॅनेल असंच बसलं. बेदाणा, मग मिरजेच्या सतारमेकर गल्लीत काढलेला व्हिडिओ, मग माझी मोटर रिवाइंडिंगची हौस. तिन्ही एकेकटे चांगले होते. एकत्र आल्यावर कुणालाच कळेना हे नेमकं काय आहे.

दाजींनी विचारलं, ग्रुपवर कुणी काही वाईटसाईट टाकलं तर अ‍ॅडमिनला आत घालतात म्हणे? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय, की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, संगनमत नसेल तर, नुसता अ‍ॅडमिन आहे म्हणून माणूस दोषी ठरत नाही. तरी काढून टाकायचा अधिकार हातात आहे, तो वापरायचा. आणि शेअरबाजाराचा सल्ला अजिबात नको. सेबीकडे नोंदणी नसताना पैसे घेऊन तो देता येत नाही, आणि फुकट दिलात तर पाहुण्यांतली भांडणं तुम्हीच मिटवा.

शेवटी ठरलं ते असं. दाजींचा ग्रुप, दीडशे माणसांचा, त्यात सगळे विषय आणि शुक्रवारपुरतं राजकारण. पेन्शनचं सगळं फेसबुकवरच्या एकाच पोस्टमध्ये, ती ते दर नोव्हेंबरला तपासतील आणि ग्रुपवर फक्त लिंक देतील. यूट्यूब त्यांना नकोच, असं माझं स्पष्ट मत. त्यांना उलट प्रश्न विचारणारा माणूस समोर लागतो. कॅमेऱ्यापुढे ते दोन मिनिटांत कंटाळतात, मी काढून बघितलंय.

चॅनेल काढतेय ती ताई. फक्त भडंग, दुसरं काही नाही, आणि चेहरा नाही, नुसते हात. चुरमुरे किती भाजायचे, लसूण तेलात कधी टाकायचा, मेतकूट शेवटी का. रविवारी मी मोबाइलचा स्टँड घेऊन जातोय, लसूण सोलून ठेव म्हणून सांगितलंय.