पॉइंटर इव्हेंट्सवर विजेट्स आणल्यानंतर: काही महिन्यांच्या वापराचा अनुभव

स्लायडर, स्प्लिटर, ड्रॉपडाउन आणि ओढून क्रम बदलायची यादी. वेबपानावरचे हे सगळे विजेट्स माऊस व टचच्या दुहेरी कोडवरून पॉइंटर इव्हेंट्सवर (माऊस, बोट आणि पेनच्या हालचाली एकाच पद्धतीने कळवणाऱ्या ब्राउझरच्या सूचनांवर) आणून काही महिने झाले. मत आधीच सांगतो: जिथे ओढण्याचं काम आहे तिथे आता दुसरं काही वापरू नये. फोकस (कीबोर्डच्या कळा कोणत्या घटकाकडे जातात ते) आणि कीबोर्डच्या तक्रारी मात्र याने सुटत नाहीत, त्यांचा वेगळा बंदोबस्त करावाच लागतो.

क्रोम 55 (2016), फायरफॉक्स 59 (2018) आणि सफारी 13 (2019) पासून हे इव्हेंट्स मुळातच मिळतात. त्यामुळे पॉलिफिल (ब्राउझरमधली उणीव भरून काढणारा कोड) काढला, आणि ब्राउझरचं नाव ओळखून फाटे फोडणारा कोडही गेला.

सगळ्यात मोठा फायदा कॅप्चरचा, म्हणजे पॉइंटर एकाच घटकाशी बांधून ठेवण्याचा. पॉइंटरडाउनमध्ये (बटण दाबलं किंवा बोट टेकलं की येणाऱ्या इव्हेंटमध्ये) हँडलवर 'सेटपॉइंटरकॅप्चर' बोलावलं की कर्सर हँडलवरून घसरला, अगदी विंडोबाहेर गेला, तरी पुढचे इव्हेंट्स हँडललाच येतात. डॉक्युमेंटवर मूव्ह आणि अपचे लिसनर (इव्हेंट ऐकणारा कोड) टांगून ठेवायची गरज उरत नाही. साफसफाई पॉइंटरअपमध्ये करू नका, 'लॉस्टपॉइंटरकॅप्चर'मध्ये करा. पॉइंटरअप असो वा पॉइंटरकॅन्सल (ब्राउझरने ओढणं मध्येच तोडल्याची सूचना), कॅप्चर सुटलं की 'लॉस्टपॉइंटरकॅप्चर' येतो, म्हणून 'ओढणं सुरू' हा फ्लॅग चुकून चालू राहत नाही.

फोनवर स्लायडर जरासा सरकून अडकतो, ही नेहमीची तक्रार. कारण ठरलेलं असतं: ब्राउझरने तो स्पर्श स्क्रोलसाठी ताब्यात घेतला आणि पॉइंटरकॅन्सल पाठवला. पॉइंटरमूव्हमध्ये 'प्रिव्हेंटडिफॉल्ट' (ब्राउझरची ठरलेली कृती रोखणं) करून काहीही साधत नाही. आडव्या स्लायडरला सीएसएसमध्ये 'टच-ॲक्शन: पॅन-वाय' (फक्त उभा स्क्रोल ब्राउझरकडे) द्या, दोन्ही दिशांना ओढायचं असेल तर 'नन'. ही स्टाइल आधीपासून लावलेली हवी, कारण बोट टेकतानाच तिचा निर्णय होतो आणि नंतर बदलून त्या स्पर्शावर परिणाम होत नाही. नुसत्या हँडलला देऊन भागत नाही, पूर्ण ट्रॅकला द्या. माऊसने ओढतानाही पॉइंटरकॅन्सल येत असेल तर आत एखादी इमेज किंवा लिंक आहे का पाहा. तिचं स्वतःचं ड्रॅग सुरू होतं. 'ड्रॅगस्टार्ट' रोखला की प्रश्न मिटतो.

आणखी दोन खाचखळगे. पॉइंटरमूव्हमध्ये 'बटन'ची किंमत -1 असते, त्यामुळे माऊसमूव्हच्या जुन्या कोडमधली 0 ची तपासणी निकामी ठरते, 'बटन्स' (सध्या दाबलेली बटणं) तपासा. आणि स्पर्शात कॅप्चर आपोआप होतं, म्हणून यादीतल्या दुसऱ्या ओळींवर पॉइंटरएंटर येतच नाही. पॉइंटरडाउनमध्ये 'रिलीजपॉइंटरकॅप्चर' करा, किंवा 'एलिमेंटफ्रॉमपॉइंट'ने खालची ओळ शोधा.

आता ड्रॉपडाउन, जिथे खरा घाम निघतो. मॅकवरच्या सफारीत बटणावर क्लिक केल्याने त्याला फोकस मिळत नाही. मेनूतले पर्याय बटणं असतील आणि 'फोकसआउट'वर (फोकस सुटल्यावर) मेनू बंद होत असेल, तर 'रिलेटेडटार्गेट' (फोकस कुठे गेला ते) नल, म्हणजे रिकामा, येतो, मेनू क्लिकच्या आधीच मिटतो आणि निवड हरवते. सेटटाइमआउटचं (थोडं थांबून कोड चालवण्याचं) ठिगळ लावू नका, मंद मशीनवर ते उसवतं. मेनूवर माऊसडाउनला प्रिव्हेंटडिफॉल्ट करा, म्हणजे फोकस मुळात हलतच नाही. मात्र त्याच मेनूवर पॉइंटरडाउन रोखलात तर माऊसडाउन येणारच नाही आणि हा उपाय बाद होईल. दोन्हींतलं हे नातं माहीत नसेल तर शोधण्यात दिवस जातो.

चाकाने झूम करायचं विजेट असेल तर 'व्हील'चा लिसनर थेट त्या एलिमेंटवर, 'पॅसिव्ह: फॉल्स' लिहून लावा. विंडो, डॉक्युमेंट किंवा बॉडीवर लावलेला लिसनर क्रोम 73 पासून आपसूक पॅसिव्ह (ब्राउझरची कृती रोखू न शकणारा) धरतो. मग प्रिव्हेंटडिफॉल्ट दुर्लक्षित होतो आणि कन्सोलमध्ये फक्त इशारा दिसतो.

शोधपेटीत एंटरवर सर्च सुरू करताना 'इजकंपोझिंग' (जपानीसारख्या भाषेत कळांतून शब्द जुळवणं चालू आहे का ते) तपासणं पुरेसं नाही. सफारीत कंपोझिशनएंड (शब्द जुळवणं संपल्याचा इव्हेंट) हा कीडाउनच्या आधी येतो, त्यामुळे शब्द पक्का करणाऱ्या एंटरवरही 'इजकंपोझिंग' फॉल्स दिसतं आणि अर्धवट मजकुरावर सर्च सुटतो. सोबत 'कीकोड' 229 आहे का हेही पाहा. हा गुणधर्म कालबाह्य ठरवलेला असला तरी या एका कामासाठी तो ठेवावा.