आठ महिने मल्टिव्हिटॅमिन घेतल्यावर: तोंडातली बुरशी आणि माझा गैरसमज

‘तोंड आलंय? बी-कॉम्प्लेक्स घे.’ हे मी वर्षानुवर्षं ऐकत आलेय, इतरांना ऐकवतही आलेय. त्यामुळे किडनी प्रत्यारोपणानंतर चौथ्या महिन्यात जिभेवर आणि गालांच्या आत सायीसारखा पांढरा थर दिसला, तेव्हा आधी मल्टिव्हिटॅमिनच आणलं. तेही चघळायचं, आंबटगोड. जीभ सोलवटलेली आणि त्यावर सायट्रिक ॲसिड! डोळ्यांत पाणी यायचं. वर साखर, म्हणजे बुरशीचीच सोय. थर खरवडून पाहिला तर खाली लालभडक, रक्त येणारी जागा.

डॉक्टरांनी पाहताक्षणी कॅन्डिडा म्हटलं, म्हणजे तोंडातली बुरशी. नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून मी टॅक्रोलिमस आणि प्रेडनिसोलोनवर, म्हणजे प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबलेली. बुरशीवरच्या फ्लुकोनाझोलने टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढते, म्हणून आधी निस्टॅटिन हे बुरशीवरचं दुसरं औषध दिलं. दिवसातून चार वेळा तोंडात घोळवून गिळायचं, नंतर अर्धा तास पाणीसुद्धा नाही. दोन आठवड्यांत तोंड स्वच्छ! त्याच आठवड्यात मी चघळायच्या गोळ्या सोडून गिळायच्या सुरू केल्या होत्या, आणि श्रेय बिनदिक्कत त्यांनाच दिलं.

तीन महिन्यांनी थर पुन्हा आला. एकही गोळी चुकली नव्हती.

या वेळी रक्त तपासलं. बी-१२ कमी, फेरिटिनही (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा) कमी. मल्टिव्हिटॅमिनमध्ये बी-१२ आणि लोह दोन्ही होतं, पण माझी तूट भरून निघण्याइतकं नाही. निस्टॅटिन परत सुरू झालं, सोबत बी-१२ आणि लोहाच्या वेगळ्या गोळ्या. थर औषधानेच गेला, पण जिभेची आग आणि ओठांच्या कोपऱ्यांतल्या चिरा थर गेल्यावरही रेंगाळल्या होत्या. त्या दीड-दोन महिन्यांत हळूहळू भरल्या. इथे मात्र गोळ्यांना गुण द्यायला हवेत. लोह कॅल्शियमसोबत घेऊ नका, नीट शोषलं जात नाही. आणि मल्टिव्हिटॅमिनमधल्या बी-२मुळे लघवी झगझगीत पिवळी होते, हे आधी कोणी सांगितलं असतं तर नव्या किडनीच्या काळजीने माझी एक रात्र जागून गेली नसती.

‘इम्युनिटी वाढवणाऱ्या’ गोळ्यांना डॉक्टरांनी साफ नकार दिला. जी दाबायला रोज औषध घेतेय, तीच वाढवायची कशाला? अ आणि ड जीवनसत्त्वं शरीरात साठतात, म्हणून तीही मनाने घ्यायची नाहीत.

तिसरी बाटली संपल्यावर मल्टिव्हिटॅमिन बंद केलं. बी-१२ चालू आहे, लोह पुढच्या तपासणीपर्यंत. कवळी रात्री काढून, घासून, भिजवून ठेवते. आधी ती तोंडातच ठेवून झोपायचे, म्हणजे तीही बुरशीचीच सोय.