उद्यमबागेतली डिजिटल फॅब्रिकेशन कार्यशाळा : तीन दिवसांचा हिशेब

बेळगावात वास्तुकला शिकवणाऱ्या आम्हा मंडळींची एक जुनी अडचण आहे. विद्यार्थी संगणकाच्या पडद्यावर कोणताही आकार वाटेल तसा वळवतात, पिळतात. पण तोच आकार हातात धरता येईल असा करून आणा म्हटले, की नावाच्या पाट्या कापून देणाऱ्या दुकानासमोर रांग लावावी लागते आणि तिथे एखादा तुकडा सैल का बसला, हे विचारण्याची सोय नसते. त्यामुळे उद्यमबाग या आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका खासगी कार्यशाळेने वास्तुरचनाकार आणि शिक्षकांसाठी डिजिटल फॅब्रिकेशनचा, म्हणजे संगणकावरच्या आकृतीवरून यंत्राने प्रत्यक्ष वस्तू घडवण्याचा, तीन दिवसांचा वर्ग जाहीर केला, तेव्हा मी पहिल्याच दिवशी नाव नोंदवले. शुल्क साहित्य व दुपारच्या जेवणासह 6,500 रुपये होते. आम्ही बाराजण होतो : निम्मे शिक्षक, चार व्यावसायिक आणि फर्निचरचा कारखाना चालवणारे दोघे भाऊ.

जागेबद्दल तक्रार नाही. एक लेसर कटर, आठ बाय चार फुटांचा सीएनसी राउटर (संगणकाच्या हुकमाने फिरत्या पात्याने लाकूड कोरणारे यंत्र) आणि तीन लहान थ्रीडी प्रिंटर एकाच पत्र्याच्या शेडमध्ये मांडलेले होते. धूर ओढून घेणारा पंखा व्यवस्थित चालत होता आणि लेसरखाली पीव्हीसी घालू नये, कारण त्यातून क्लोरिनयुक्त विषारी वायू निघतो, ही सूचना कन्नड, मराठी व इंग्रजी अशा तिन्ही भाषांत भिंतीवर ठळक लावलेली होती. ही पाटी पाहूनच मला चालकांविषयी विश्वास वाटला. हातात मिळालेली टिपणे मात्र फक्त इंग्रजीत होती, आणि फर्निचरवाल्या भावांना ती शेवटपर्यंत कोणीतरी समजावून सांगत राहिले.

पहिला दिवस ऱ्हायनो हे त्रिमिती आकार काढण्याचे सॉफ्टवेअर आणि त्यातच चालणारे, आकड्यांवरून आकार घडवणारे ग्रासहॉपर यांवर गेला. शिकवणारा तरुण हुशार आहे. आकृतीतला एक आकडा बदलला की सगळा आकार कसा बदलतो, हे त्याने तासाभरात सर्वांच्या गळी उतरवले. पडद्यावर त्याने स्वित्झर्लंडमधल्या फ्लेश गावच्या गान्टेनबाइन वाइनरीची भिंतही दाखवली, जिच्या विटा 2006 साली झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात ग्रामाझिओ आणि कोलर यांच्या चमूने यंत्रमानवाकडून, प्रत्येक वीट वेगळ्या कोनात फिरवून रचून घेतल्या. भिंत सुंदर आहे यात वाद नाही. पण तसला यंत्रमानव आमच्यापैकी कोणाच्याही नशिबात नजीकच्या काळात नाही, आणि पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाचा उल्लेख संबंध दिवसात एकदाही झाला नाही, हे मला खटकले. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये सुरू केलेल्या या आश्रमात 2002 साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या सहकार्याने फॅब लॅब, म्हणजे अशाच यंत्रांची सर्वांना वापरता येणारी कार्यशाळा, उभी राहिली, म्हणजे जगातल्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक आपल्याच भाषेत बोलणाऱ्या खेड्यात आहे. शिक्षकांना हे उदाहरण झुरिकपेक्षा अधिक कामाचे ठरले असते.

दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष काम. विषय चांगला निवडला होता : किल्ल्यातल्या कमल बस्तीचे छत. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळात, 1204 मध्ये बांधलेल्या या जैन मंदिराच्या मंडपात छतातून खाली उतरलेले दगडी कमळ बेळगावातल्या प्रत्येकाने मान वर करून पाहिलेले असते. त्याच्या वर्तुळाकार थरांवरून तीन मिलीमीटर एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या) उभ्या-आडव्या फासळ्या कापायच्या, त्या खाचांमध्ये अडकवायच्या आणि डिंक न लावता कमळ उभे करायचे, असे ठरले. पडद्यावर ते निर्दोष दिसत होते. जुळणी झाल्यावर मी ते उचलले, आणि अर्ध्या फासळ्या माझ्या हातात राहून उरलेल्या टेबलावर सांडल्या.

कारण साधे होते आणि ते आधी सांगायला हवे होते. आम्ही खाच तीन मिलीमीटरची काढली होती. तीन मिलीमीटर म्हणून विकत घेतलेला तो एमडीएफ व्हर्नियरने, म्हणजे बारीक जाडी मोजणाऱ्या मापकाने, मोजला तर 2.8 भरला. शिवाय लेसरचा किरण स्वतः सुमारे 0.2 मिलीमीटर लाकूड जाळून टाकतो, म्हणून कापलेली खाच 3.2 झाली, फटीत 0.4 मिलीमीटरचा सैलपणा राहिला आणि तो चाळीसएक सांध्यांत साठत गेला. आकृतीत खाच 2.6 ची काढली असती, तर फासळी घट्ट बसली असती. शिकवणाऱ्याला हे ठाऊक होते, पण त्याच्या मते ‘अनुभवाने कळते’. बाराजणांचे शुल्क घेतल्यावर तो अनुभव शिकवणीत यायला हवा होता, असे माझे मत आहे.

त्याच दुपारी जोराचा पाऊस सुरू झाला, वीज गेली आणि लेसर थंड ठेवणारी यंत्रणा पुन्हा चालू होईना. दीड तास वाया गेला, असे वहीत लिहिणार होते, तेवढ्यात शेजारच्या पॅटर्नच्या कारखान्यातले वयस्क मेस्त्री कुतूहलाने आत आले. उद्यमबागेतल्या लोखंड ओतणाऱ्या फाउंड्र्यांना लाकडी साचे करून देण्यात त्यांचे आयुष्य गेले आहे. आमचे सांडलेले कमळ त्यांनी हातात फिरवून पाहिले आणि म्हणाले, “मॅडम, कागदावर बरोबर हाय की ओ. पन माल कमी भरतोय, त्याचा हिशेब कुठं धरलाय?” मग त्यांनी खिशातली पितळी पट्टी माझ्या साध्या पट्टीशेजारी ठेवली. त्यांचा फूट माझ्या फुटापेक्षा एक अष्टमांश इंचाने लांब होता. ओतीव लोखंड थंड होताना साधारण तेवढेच आकसते, म्हणून साचा करणारा मुद्दाम मोठ्या फुटाने मोजतो आणि बेरीज-वजाबाकी पट्टीतच करून ठेवतो.

त्या वीस मिनिटांत मला जे समजले, ते तीन दिवसांतल्या कोणत्याही स्लाइडमध्ये नव्हते. ग्रासहॉपरमधला तो बदलता आकडा आणि मेस्त्रींची लांब पट्टी एकच काम करतात, हे पाहिल्यावर फर्निचरवाल्या भावांपैकी धाकटा पहिल्यांदाच बोलू लागला, आणि तिसऱ्या दिवशी राउटरवर सर्वांत नीट काम त्यानेच केले. सहा मिलीमीटरचे गोल पाते आतला कोपरा काटकोनात कापू शकत नाही, तिथे तीन मिलीमीटर त्रिज्येची गोलाई उरते. म्हणून कोपऱ्यात जास्तीचा गोल खड्डा घ्यायचा, हे त्याने शिकवणाऱ्याच्या आधी ओळखले. मेस्त्रींना बोलावण्याची योजना चालकांची नव्हती, वीज गेल्यामुळे ते आले. पुढच्या वर्गात त्यांना रीतसर मानधन देऊन बोलवावे, असे मी अभिप्राय-पत्रात लिहिले आहे.

आणखी एक तक्रार नोंदवणे भाग आहे. आम्हाला वापरायला दिलेली ऱ्हायनोची चाचणी आवृत्ती नव्वद दिवसांनी फाईल साठवणे बंद करते, ही गोष्ट निरोप घेताना सहज म्हणून सांगण्यात आली. संपूर्ण अभ्यासक्रम त्यावर बेतायचा विचार करणाऱ्या शिक्षकाला ती पहिल्या तासाला कळली पाहिजे. फ्रीकॅडसारख्या मोफत सॉफ्टवेअरचा पर्यायही तिथे बोलण्यात आला असता, तर बरे झाले असते. थ्रीडी प्रिंटरविषयी विशेष सांगण्यासारखे नाही, तीन यंत्रे आणि बाराजण, त्यामुळे बहुतेकांनी ते लांबूनच पाहिले.

तरीही शिक्षकांनी जावे, असेच मी म्हणेन, शक्यतो पावसाळा टाळून, कारण खिडकीजवळ रचलेल्या एमडीएफच्या कडा दुसऱ्या सकाळी फुगलेल्या मी स्वतः पाहिल्या. जाताना आपला व्हर्नियर न्यावा. पहिल्याच तासाला 2.5 पासून 3 पर्यंतच्या खाचांची एक चाचणी-पट्टी कापून मागावी. ती पाच मिनिटांत होते आणि त्या दिवशीच्या त्या मालासाठी कोणती खाच घट्ट बसते ते बोटांना कळते. माझी पट्टी कॉलेजच्या टेबलाच्या खणात आहे. तिच्यावर शाईने लिहिलेले आकडे पुसट झाले आहेत, कारण तिसऱ्या वर्षाची मुले ती रोज मागून नेतात.