बेसमेंटमधली रेडॉन सिस्टीम: एक हिवाळा, एक उन्हाळा वापरल्यानंतर

न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियाच्या पट्ट्यात घर घेताना रेडॉनची, म्हणजे जमिनीतून घरात शिरणाऱ्या किरणोत्सर्गी वायूची, तपासणी बहुतेक वेळा होतेच. रीडिंग प्रॉंग हा युरेनियमयुक्त खडकांचा पट्टा इथूनच जातो, आणि १९८४ साली पेनसिल्व्हेनियात स्टॅन्ली वॉट्रस यांच्या घरात प्रचंड रेडॉन सापडल्यावर अमेरिकेत हा विषय ऐरणीवर आला. ईपीए ही अमेरिकेची पर्यावरण संस्था ४ पिकोक्युरी (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) प्रति लिटरला उपाय करायला सांगते, जागतिक आरोग्य संघटना त्याआधीच, साधारण २.७ ला.

फरशीखालची हवा पाइप आणि पंख्याने ओढून घराबाहेर सोडणारी ही सिस्टीम काम चोख करते. ४ च्या वरची सरासरी २ च्या खाली आली आणि तिथेच टिकली. पण श्रेय पंख्यापेक्षा फरशीखालच्या खड्ड्याचं. फरशीच्या काँक्रीटला ५ इंची भोक पाडून खालची खडी-माती निदान ५ गॅलनची बादली भरेल इतकी उपसावी लागते. घाईतले कंत्राटदार नेमका इथेच हात आखडता घेतात. खाली खडी असेल तर ओढ कोपऱ्यापर्यंत पोचते, चिकणमाती असेल तर जवळच विरते. म्हणून लांबच्या कोपऱ्यात छोटं भोक पाडून धुराची कांडी धरायला लावा. धूर खाली ओढला जात नसेल तर दुसरा सक्शन पॉइंट, म्हणजे ओढीसाठी आणखी एक भोक-पाइप, हवा. खर्च वाढेल, पण नुसता मोठा पंखा घेऊन तो वाचत नाही.

फरशी-भिंतीचा सांधा पॉलियुरेथेन सीलंटने बुजवावा. संपचं (जमिनीखालचं पाणी जमा होऊन पंपाने उपसलं जातं त्या खड्ड्याचं) झाकण मात्र गॅस्केट आणि स्क्रूचंच घ्या; सीलंटने चिकटवलेलं झाकण भर पावसात पंप बंद पडला की फोडावं लागतं. झाकण गळकं असेल तर पंखा बेसमेंटचीच तापवलेली हवा ओढून बाहेर फेकतो.

पाइपवरच्या मॅनोमीटरवर (द्रव भरलेली, ओढ दाखवणारी यू आकाराची नळी) पहिल्याच दिवशी मार्करने खूण करा. दोन्ही बाजू समान म्हणजे पंखा बंद. फरक कमी झाला तर कुठलं तरी सील उघडलंय. एकदम वाढला तर खाली पाणी भरल्याची शंका घ्या. पण ही नळी फक्त ओढ दाखवते, रेडॉन नाही! त्यासाठी डिजिटल मॉनिटर हवाच: श्वासाच्या उंचीवर, संप आणि खिडकीपासून दूर. वादळी हवेत तासाचा आकडा उड्या मारतो. महिन्याची सरासरी बघा. (एअर प्युरिफायरवाले काहीही म्हणोत, रेडॉन हा वायू आहे, धुळीच्या फिल्टरमध्ये तो अडकत नाही.)

तक्रार एकच, हिवाळ्यातली गुडगुड. जमिनीखालची दमट हवा थंड पाइपात गार होऊन पाणी साचतं. आडव्या पाइपाला खड्ड्याच्या दिशेने दर फुटाला १/८ इंच उतार दिला की ते परत खाली जातं. मधे झोळ राहिला तर आवाजही येतो आणि ओढही घटते.

पंखा बेसमेंटमध्ये बसवू देऊ नका. त्याच्या पुढच्या पाइपात दाब बाहेरच्या दिशेने असतो, सांधा गळला तर साठलेला रेडॉन थेट घरात. जागा अ‍ॅटिकमध्ये (छताखालच्या माळ्यावर) किंवा घराबाहेर. चिमणीतून धूर सोडणारा साधा गॅस वॉटर हीटर असेल तर पंख्याच्या ओढीने धूर घरात उलटा येत नाही ना हे तपासून घ्या आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा.

६० वॉटचा पंखा अखंड चालला तर वर्षाला साधारण ५२५ युनिट वीज घेतो. उन्हाळ्यातही तो बंद करू नका. आयुष्य ५ ते १० वर्षं; दोन्ही टोकांना रबरी कपलिंग असेल तर क्लॅम्प सैल करून बदलता येतो, चिकटवलेला असेल तर पाइप कापावा लागतो.